घरच्या दप्तराला संरक्षक जाळी



कामगार संघटनेच्या माणसाने संगणकावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आम्ही कॉलेजात गेलेलो नाही. जे शिकलो ते पाळी संपल्यावर, पुस्तके उसनी आणून शिकलो. पण दप्तर कसे जपावे हे संघटनेने आम्हाला पक्के शिकविले आहे, आणि आजचा विषय दप्तराचाच आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्या गेल्या, आणि घरांसाठी अर्ज करावयाची वेळ आली तेव्हा गिरणीत काम केल्याचा पुरावा कामगाराला द्यावा लागला. कागद जपणे म्हणजे हक्क जपणे, हे ज्याने पाहिले त्याला निराळे सांगावे लागत नाही.

आता हे कागद पेटीतून संगणकात गेले आहेत. कित्येक घरांत आणि लहान कचेऱ्यांत कपाटाच्या कोपऱ्यात एखादा जुना संगणक रात्रंदिवस चालू असतो. त्यालाच घरचा सर्व्हर म्हणतात. नेक्स्टक्लाउडमध्ये कागदपत्रे, इमिचमध्ये मुलाबाळांची छायाचित्रे. आपली चीजवस्तू परक्याच्या गोदामात न ठेवता स्वतःच्या घरी ठेवावी, ही वृत्ती आम्हाला पसंत आहे. परंतु मालकी आली म्हणजे राखणही आली.

हे प्रोग्राम बहुधा कंटेनरमध्ये चालतात. डॉकर नावाचे साधन २०१३ साली पुढे आले आणि ही पद्धत रूढ झाली. प्रोग्रामला जे जे लागते ते सारे एका पेटीत बांधलेले असते. नवी आवृत्ती आली की जुनी पेटी काढून टाकावयाची आणि नवी बसवावयाची. गिरणीतल्या बदली कामगाराचे उदाहरण घ्या. आज हा आला, उद्या त्याच्या जागी दुसरा येईल. पाळीचा हिशेब मस्टरवर लिहिला तर तो राहतो; खिशातल्या चिठ्ठीवर लिहिला तर चिठ्ठी त्याच्याबरोबर घरी जाते. कंटेनरच्या आत लिहिलेली माहिती ही ती चिठ्ठी होय. कंटेनर नुसता थांबविला तर ती जात नाही. काढून टाकला की गेलीच.

म्हणून माहिती पेटीबाहेर ठेवावयाची. याचे दोन मार्ग आहेत. एक, आपल्या संगणकावरील ठरावीक फोल्डर कंटेनरला जोडून देणे. दुसरा, डॉकरच्याच ताब्यातील जागा, जिला व्हॉल्यूम म्हणतात, ती नाव देऊन वापरणे. नाव द्या, यावर आमचा भर आहे. पोस्टग्रेससारखा माहितीकोश चालविताना आपण जागा नेमली नाही, तर डॉकर स्वतःच एक बिननावाची जागा काढतो. उद्या कंटेनर काढून नवा उभा केला की त्याला नवी, रिकामी जागा मिळते. जुनी कोठेतरी बेवारशी पडते आणि पुढच्या साफसफाईत केराबरोबर जाते.

ही साफसफाईही समजून घेतली पाहिजे. ‘डॉकर कंपोज डाउन’ ही आज्ञा कंटेनर काढते, पण नाव दिलेल्या व्हॉल्यूमला हात लावीत नाही. तिच्यामागे ‘व्ही’ हे एका अक्षराचे शेपूट जोडले की तीच आज्ञा व्हॉल्यूमही पुसून टाकते. ‘व्हॉल्यूम प्रून’ ही आज्ञा २०२३ मधील २३व्या आवृत्तीपासून केवळ बिननावाच्या, वापरात नसलेल्या जागा काढते; ‘ऑल’ हा शब्द जोडला तर नाव असलेल्याही जातात. कंटेनर तात्पुरता काढून ठेवला असेल, तर त्याचे व्हॉल्यूम डॉकरच्या लेखी वापरात नसतेच, हे ध्यानात ठेवा.

आणखी एक खड्डा आहे. माहिती बाहेरच्या डिस्कवर असते. वीज जाऊन येते आणि डिस्क जोडली जात नाही. फोल्डर जोडण्याची जुनी, आखूड पद्धत अशी की, नेमलेली वाट सापडली नाही तर डॉकर तेथे रिकामा फोल्डर करून काम पुढे रेटतो. प्रोग्राम सुरू होतो, पण आत काहीच नाही! ‘माउंट’ या शब्दाने जोडणी केली, तर फोल्डर नसताना डॉकर अडून बसतो. मात्र डिस्क ज्या फोल्डरावर जोडतो, तो रिकामा फोल्डर मागे उरतोच. म्हणून वाट डिस्कच्या आतील फोल्डरापर्यंत द्यावी. अडून बसणारे यंत्र हे गुपचूप चुकणाऱ्या यंत्रापेक्षा केव्हाही बरे.

कोणी म्हणेल, माणसाने सावध राहावे म्हणजे झाले. हे वाक्य आम्ही अपघाताच्या चौकशीत पुष्कळ वेळा ऐकले आहे. बोट तुटले की कामगार निष्काळजी! परंतु १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २१व्या कलमाने धोक्याच्या यंत्राला कठडा घालावा असे सांगितले, कारण माणूस थकतो हे कायद्याने मानले. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरील माहिती पुसली. सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार उरली. रोजच्या प्रती निघत असाव्यात असा समज होता. प्रत्यक्षात आवृत्तींचा मेळ नसल्याने त्या निघतच नव्हत्या, आणि तसे कळविणारी पत्रेही पोचत नव्हती. सहा तासांपूर्वी सहज काढलेल्या एका प्रतीने लाज राखली. येथे दोष त्या थकलेल्या हाताचा की जाळी नसलेल्या यंत्राचा? आमचे उत्तर आपण ओळखले असेलच.

मग जाळी कशाची? स्थळप्रतीची. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला नियम सोपा आहे: माहितीच्या ३ प्रती, २ निरनिराळ्या साधनांवर, त्यांतील १ घराबाहेर. दोन डिस्क एकमेकींचा आरसा करून ठेवल्या म्हणजे प्रत झाली, असे मानू नका. एकीवर पुसले की दुसरीवरही त्याच क्षणी पुसले जाते. चालू माहितीकोशाचे फोल्डर तसेच उचलू नका. लिहिणे चालू असताना काढलेली प्रत अर्धवट निघू शकते. त्याच्या स्वतःच्या साधनाने उतारा काढा, किंवा तो थांबवून प्रत घ्या. प्रतीची डिस्क काम झाल्यावर काढून ठेवा. १९९८ साली पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’ चित्रपटाच्या फायली एका आज्ञेने पुसल्या गेल्या आणि राखीव प्रतीही सदोष निघाल्या. गॅलिन सुसमन या तंत्रनिर्देशिकेच्या घरी, बाळंतपणाच्या काळात काम करता यावे म्हणून ठेवलेली प्रत होती, तीच कामी आली. घराबाहेरची प्रत म्हणतात ती ही. त्यांची बाहेरची प्रत घरात होती, आपली दुसऱ्याच्या घरात असावी, एवढाच फरक.

आणि शेवटचे. संघटनेचा हिशेब वर्षअखेर तपासला जातो. वही आहे एवढ्याने कोणाचे समाधान होत नाही. प्रतीचेही तसेच. महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर ती उतरवून, चार कागद उघडून पाहा. उघडली ती प्रत, न उघडलेली ती केवळ आशा. पुसणारी आज्ञा देताना, धनादेशावर घेतो तशी दुसऱ्याची नजर घ्या. कोणते दप्तर कोठे आहे हे एका कागदावर लिहून घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हाती द्या. आपण नसलो तरी हक्क शिल्लक राहिला पाहिजे.