चिमुकले लोकरी स्वेटर



आवडत्या कथेंतील पात्रांचे स्वेटर बोटभर आकारांत विणून बाहुल्यांस घालण्याचा छंद हल्लीं तरुण मंडळींत दिसतो. हॅरी पॉटरच्या गोष्टींत वीझ्ली बाई नाताळास मुलांना आद्याक्षराचे स्वेटर विणून देतात. तेहि असे चिमुकले होऊन अवतरतात. माझ्या वयाचे गृहस्थ यास पोरखेळ म्हणतात. मला तसें वाटत नाहीं. पुण्याच्या सारसबागेंतील गणपतीस थंडींत स्वेटर व कानटोपी चढते, तेव्हां हेच गृहस्थ हात जोडतात! आमच्या अंबरनाथास थंडी ती कितीशी; तरी देवघरांतल्या बाळकृष्णास लोकरीची बंडी घालावीशी वाटते, ती ममतेनें.

काम मात्र अवघड. स्वेटराचें माप घटतें, लोकरीची जाडी घटत नाहीं. जाड लोकरीचे इंचांत चार-पांच टाके बसतात. मग बोटभर छातीवर अक्षर उमटावें कसें? म्हणून लोकरीचा पीळ उकलून एकेरी धागा घ्यावा, सुयाहि तितक्याच बारीक. बाहुल्या हलवून काढलेल्या ‘कोरलाइन’ या २००९ च्या चित्रपटांत नायिकेचा ताऱ्यांचा स्वेटर अमेरिकेच्या आल्थिया क्रोम यांनीं अशाच, तारेसारख्या सुयांनीं विणला.

बाहुलीचें डोकें मानेहून फार मोठें, म्हणून पाठ उघडी ठेवून गुंडी लावावी. रांगत्या बाळकृष्णाच्या हातांत तर लोण्याचा गोळा! तेथें बाहीचा हट्ट सोडावा. बंडी पाठीवर नाडीनें बांधावी.