देवळानं घरी जावं



आम्ही चौथी शिकलेलो, औत हाकता हाकता कीर्तनाला उभं राहिलो. तवा पोथीतलं कमी अन् गावातलं जास्त सांगतो.

आपल्या सोनपेठच्या शेजारी गंगाखेड, जनाबाईचं गाव. तिच्या जात्यापाशी देव दळू लागला म्हणतात. देव तिच्या घरी गेला, हे ध्यानात घ्या. आम्ही मात्र उलटं केलं. देवळाला फरशी बसवली, कर्णा लावला अन् म्हणालो, ज्याला यायचं तो येईल. हरिपाठाला पाच-सात म्हातारे उरले.

एक टाळकरी दीड महिना दिसला नाही. सोयाबीन पाण्यात गेलं होतं, डोक्यावर कर्ज होतं. आम्ही म्हणालो, कामात असेल. एका दुपारी तो नको तो विचार करून रानात गेला. पोरानं पाहिलं म्हणून वाचला. आम्ही भेटायला गेलो, तर म्हणाला, "महाराज, कर्ण्याचा आवाज रोज घरात येत होता. माणूस कोणी आलं नाही."

त्या रात्री आम्हाला झोप नाही.

तवापासून हरिपाठ झाला की कोण आलं नाही ते पाहतो. दोघंजण त्याच राती त्याच्या घरी जातात. वर्गणी मागायला नाही, नुसतं बसायला. कोणाची पेरणी अडली तर बैल देतो, कोणाला दवाखान्यात न्यायचं तर सोबत जातो.

पंढरीचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींनी १९४७ साली उपोषण केलं. पण उघड्या दारातून माणूस आत यायचा तर त्याला आत काम पाहिजे, मान पाहिजे. म्हणून सप्ताहाची आमटी देवळात शिजते, भाकरी प्रत्येक वस्तीतून, प्रत्येक घरातून येते. पोरांच्या गळ्यात मृदंग दिला. बायाबी विण्याच्या पहाऱ्याला उभ्या राहतात. हिशेब शाळेतली एक लेक लिहिते अन् एकादशीला सगळ्यांसमोर वाचते. आता मंडपात बसायला जागा पुरत नाही.

वारीत कोणाचा पाय सुजला तर आपण त्याला टाकून पुढं जात नाही. शंभर वर्षं दिंडी टिकली ती यानंच. आषाढीला जे वाटेवर करतो, तेच बाराही महिने गावात करावं, एवढंच मागणं.

राम कृष्ण हरी.