पेलेटच्या शेगडीची राख

हंगामात गुऱ्हाळावर गेलं की सगळ्यांचं लक्ष काहिलीकडे आणि गुळव्याकडे. मला मात्र खाली चुलवाणाशी बसलेला जळव्या बघावासा वाटतो. चिपाड किती सारायचं हे तर त्याला कळतंच, पण राख कधी ओढायची हेही कळतं. राख तुंबली की वारा अडतो आणि धूर उलटा फिरतो.

पेलेटच्या शेगडीचंही तंत्र हेच. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्याने घडलेली ‘ऊर्जा’ शेगडी २००६ साली बाजारात आली, महाराष्ट्र-कर्नाटकात भरपूर खपली. पुढे पुण्याच्या एका कंपनीने ती चालवली. जळण म्हणजे चिपाडासारखा शेतीतला टाकाऊ माल दाबून केलेल्या आखूड कांड्या, म्हणजेच पेलेट. त्या वरून पेटवायच्या. तळातल्या छोट्या पंख्याचा थोडा वारा जाळीतून कांड्यांत शिरतो, त्यातून जळाऊ वायू सुटतो. बाकीचा वारा वरच्या भोकांतून येऊन तो वायू जाळतो. म्हणून धूर जवळजवळ नसतो. पण चिपाडाला भाव आला, कांड्या महागल्या आणि कितीतरी शेगड्या माळ्यावर गेल्या. चांगल्या वस्तूचं असं व्हावं, याचं वाईट वाटतं.

ज्यांच्याकडे ती अजून चालते, त्यांनी धूर दिसताच कांडीला दोष देऊ नये. आधी जाळी बघा. चिपाडाच्या राखेत वाळूचा अंश, म्हणजे सिलिका, बराच असतो. जास्त तापली की ती वितळून खंगर धरते. तो खंगर रोज, शेगडी पूर्ण थंड झाल्यावर, काढायचा. वरची भोकं तारेने मोकळी करायची. पंख्यावरची धूळ कोरड्या ब्रशने झाडायची. पाणी अजिबात नको. आतलं अस्तर तडकतं.

पावसाळ्यात, त्यातून गगनबावड्यासारख्या धो धो पावसाच्या भागात, कांडी ओल धरते, फुगते आणि तिचा भुसा होतो. तो जाळीत बसतो. कांड्या झाकणाच्या डब्यात ठेवा, वापरण्याआधी चाळून घ्या. काढलेली राख पत्र्याच्या डब्यातच टाका, आत निखारा दडलेला असू शकतो. आणि थंडी कितीही असो, धुमसती शेगडी बंद खोलीत नेऊ नका. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.