जखमेची वेळ, उपचाराचे अंतर



अपघात सांगून येत नाही, असे म्हणतात. तथापि, नोंदी जुळवून पाहिल्यास गंभीर जखमांचे स्थळ आणि वेळ पुष्कळ अंशी ठरलेली असते, असे दिसून येते. वृद्ध माणसे बहुधा घरातच पडून जखमी होतात. वाहनांचे अपघात दूरवरच्या हमरस्त्यांवर विखुरलेले असतात. अमेरिकेतील बंदुकीच्या जखमांचे स्वरूप मात्र निराळे आहे.

त्या देशात २०२१ साली बंदुकीमुळे ४८,८३० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या आणि अशा आत्महत्या बहुतांशी राहत्या घरीच घडतात. हल्ल्यांतील जखमा मात्र मोठ्या शहरांच्या मोजक्या, बहुधा गरीब वस्त्यांत एकवटलेल्या असतात. रात्री, सुटीच्या दिवशी आणि उन्हाळ्यात त्यांचे प्रमाण वाढते. गोळीने अंतर्गत रक्तस्राव होऊ शकतो व तो थांबविण्यासाठी अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून येथे मिनिटामिनिटाला मोल असते.

शिकागो शहराचे उदाहरण बोलके आहे. शहराचा दक्षिण भाग गोळीबाराने ग्रासलेला. परंतु तेथील विद्यापीठाच्या रुग्णालयाने प्रौढांसाठीचे आघात-उपचार केंद्र आर्थिक तोट्यामुळे १९८८ मध्ये बंद केले. २०१० साली याच रुग्णालयापासून हाकेच्या अंतरावर अठरा वर्षांच्या एका तरुणाला गोळी लागली. त्याला कित्येक मैल दूरच्या रुग्णालयात न्यावे लागले. तेथे त्याचा मृत्यू झाला. अशा केंद्रापासून पाच मैलांहून दूर गोळी लागलेल्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक असते, असे शिकागोतील नोंदींवरून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. त्या तरुणाच्या सहकाऱ्यांनी व रहिवाशांनी आंदोलन चालविले आणि अखेर १ मे २०१८ रोजी केंद्र पुन्हा सुरू झाले. फिलाडेल्फियात तर रुग्णवाहिकेची वाट न पाहता पोलीसच आपल्या गाडीतून जखमींना रुग्णालयात पोहोचवितात.

जखम जेथे व जेव्हा होते, तेथे व तेव्हा उपचार सज्ज असावेत, हेच यातील सार. महाराष्ट्रात बंदुकीपेक्षा रस्त्यावरील अपघातांचे संकट मोठे. पण रक्तस्रावाला कारणाचा भेद कळत नाही. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे. अपघातग्रस्तास सद्‌भावनेने मदत करणाऱ्यास २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा अधिनियमाने संरक्षण दिले आहे. यंत्रणा पोहोचेपर्यंतची मोलाची मिनिटे मात्र जवळ उभ्या असलेल्या नागरिकाच्याच हाती असतात.