इंटरनेटवाचून ईमेल



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, आम्ही बोनसवर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलू. त्या विषयांवर आम्ही कारखान्याच्या दारात रोज बोलतोच. आज येथे निराळा विषय घेतला आहे. इंटरनेटची जोडणी नसताना ईमेल वाचावी कशी आणि सांभाळावी कशी, हा तो विषय. युनियनवाल्याचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध कागदाचा आहे. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. पुढचे सारे कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. तिथे पहिला प्रश्न येतो तो ‘कागद आहे का?’ हाच. आणि आजचे नेमणूकपत्र, पगारपत्रक, रविवारी कामावर या असा हुकूम, हे सगळे ईमेलने येते.

पुष्कळांची समजूत अशी की, ईमेल ही इंटरनेटवरच राहणारी वस्तू. रेंज गेली की तीही गेली. वस्तुतः ईमेलची घडण टपालखात्यासारखी आहे. १९८२ साली पत्रे पोचविण्याचे जे नियम ठरले, त्यांत पलीकडचा संगणक बंद असला तर अलीकडच्याने पत्र जपून ठेवावे आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा, अशी व्यवस्था आहे. आजचे नियम तर सांगतात की, निदान चार-पाच दिवस तरी प्रयत्न सोडू नये. १९८४ साली ‘पॉप’ नावाची पद्धत आली. आपल्या संगणकाने क्षणभर जोडणी घ्यावी, टपाल उचलावे आणि मोकळे व्हावे, असा तिचा बेत. १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी ‘आयमॅप’ काढली. तिच्यात मूळ पत्र दूरच्या सर्व्हरवर राहते आणि आपल्याकडे त्याची प्रत येते. या दोहोंतला फरक ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. टेलिफोनच्या तारेवरून ते येई. फोनचे मीटरही पळे आणि इंटरनेटचे विकत घेतलेले तासही सरत. तेव्हा शहाणी माणसे जोडणी लावून पत्रे उतरवून घेत, फोन ठेवून देत आणि चहाबरोबर निवांत वाचीत. उत्तरे लिहून ठेवीत आणि पुढल्या जोडणीला सारा गठ्ठा रवाना करीत.

याहून मजेची गोष्ट ‘डाकनेट’ची. नाव आपल्या डाकेवरूनच घेतलेले! अमेरिकेतील एमआयटीच्या मंडळींनी ती योजना आखली. कर्नाटकात दोड्डबळ्ळापूर भागात सरकारी बसवर यंत्र बसवले. बस गावात आली की तिथल्या संगणकातला मजकूर बिनतारी लहरींनी उचलायची आणि गावासाठी आलेला तिथे ठेवायची. २००३ साली कंबोडियाच्या रतनकिरी प्रांतात हेच काम मोटारसायकलींनी केले. शाळेत वीज सूर्याची, आणि ईमेल फटफटीवरून!

उलट प्रकारही आपण पाहिला. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीर खोऱ्यात इंटरनेट बंद झाले आणि महिनोन्‌महिने बंद राहिले. तरुण मुले नोकरीचे अर्ज भरण्यासाठी आगगाडीने बनिहालपर्यंत जात. लोकांनी त्या गाडीचे नाव ‘इंटरनेट एक्सप्रेस’ ठेवले.

आता आपल्या घरचे पाहू. ‘थंडरबर्ड’ नावाचा कार्यक्रम फुकट मिळतो. त्यात खाते जोडले की ‘सिंक्रोनायझेशन’ या सदरात पत्रे या संगणकावर ठेवावी की नाही, असा पर्याय असतो; तेथे खूण आहे ना, ते पाहावे. ती नसली तर गावी गेल्यावर नुसते मथळे दिसतात, आतला मजकूर नाही. जीमेलचीही सोय आहे, पण ती संगणकावरील क्रोममध्ये आणि फार तर मागील ९० दिवसांपुरती. जोडणी नसताना लिहिलेले उत्तर आउटबॉक्समध्ये थांबते आणि जोडणी आली की आपोआप जाते. येथवर सोपे आहे.

अवघड पुढे आहे. एका कारखान्यातल्या स्टोअर्सच्या कारकुनाला दुपारी बारा वाजता काढले आणि एक वाजता त्याचे खाते बंद केले. ‘पत्रे माझ्या मोबाइलमध्ये आहेत,’ असे तो आम्हांस छातीठोक सांगत होता. होती ती आरशातल्या प्रतिबिंबासारखी! मूळ सर्व्हरवर, ते नाहीसे झाले आणि मोबाइलने जोडणी घेताच पेटी रिकामी. त्याच खात्यातल्या एका कंत्राटी बाईंना हुकूम त्यांच्या स्वतःच्या पत्त्यावर येत. त्यांनी मुलाकडून ती पत्रे थंडरबर्डच्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये उतरवून घेतली होती. चौदा महिन्यांच्या रविवारांचा हिशेब त्यांनी पुढे ठेवला. पैसे सगळे मिळाले नाहीत, पण तडजोडीच्या बैठकीत त्यांना कोणी खोटे म्हणू शकले नाही. त्या कारकुनाला मात्र साक्षीदारांच्या दारी हिंडावे लागले, आणि नोकरीत असलेला साक्षीदार किती बोलतो हे आम्ही सांगायला नको.

म्हणून आयमॅपच्या पेटीत दिसते ते आपले झाले, असे मानू नये. ‘लोकल फोल्डर्स’मध्ये नक्कल केलेले पत्र सर्व्हरवरून पुसले तरी राहते. दुसरे असे की, पुष्कळ पत्रांत पगारपत्रक नसतेच, नुसता दुवा असतो. तो दाबून फाईल उतरवली नाही तर हाती काही नाही. मात्र मालकाचे गोपनीय कागद, गिऱ्हाइकांच्या याद्या उचलू नका. त्याने तुमचीच बाजू दुबळी होते. आपले नेमणूकपत्र, रजा, पगार, हुकूम, एवढेच घ्या.

पत्राचा नुसता फोटो काढून ठेवण्याची चाल पडली आहे, ती आम्हांस पसंत नाही. पत्राच्या माथ्यावर कोणत्या सर्व्हरवरून केव्हा आले याची नोंद असते, ती फोटोत येत नाही. मूळ पत्र फाईल म्हणून जतन करावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे ईमेलची छापील प्रत पुराव्यात द्यायची तर प्रमाणपत्र जोडावे लागते. ते वकिलाकडून वेळीच समजून घ्या.

उतरवलेली पत्रे ज्याच्या हाती संगणक लागेल त्याला वाचता येतात, तेव्हा संगणकाला कुलूपशब्द हवाच. आणि दुसरी प्रत पेनड्राइव्हवर काढून घरी ठेवावी. कारखान्यातल्या लॉकरमध्ये नव्हे, कारण त्या लॉकरची दुसरी किल्ली कोणाकडे असते, हे येथे बसलेल्या गिरणीवाल्यांना ठाऊक आहे.