लेकी, सुना आणि आपला केसपेपर



 परिषदेच्या अध्यक्षानं शास्त्राचा सर्वांगीण आढावा घ्यावा अशी रीत आहे. ती मोडून मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. गरोदरपणात वाढणारा रक्तदाब घराण्यात चालतो, हे आपण विद्यार्थी असल्यापासून ऐकत आलो. मग त्या माहितीचं आपण करतो काय?

आपल्या केसपेपरवर कौटुंबिक इतिहासाची एक ओळ असते आणि तिच्यापुढं बहुतेक वेळा ‘विशेष काही नाही’ असं लिहिलेलं असतं. विचारून लिहिलं की न विचारता, ते ज्याचं त्याला ठाऊक.

ही ओळ गांभीर्यानं घेणारा माणूस वैद्यकीय पदवीधर नव्हता. लिऑन चेस्ली हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ. अमेरिकेत जर्सी सिटीच्या मार्गारेट हेग प्रसूतिगृहात १९३१ ते १९५१ या काळात एक्लाम्प्सियाचे झटके येऊन वाचलेल्या बायकांचा त्यांनी पुढं कित्येक दशकं पाठपुरावा केला. त्यांच्या बहिणी, लेकी, नाती यांची बाळंतपणं कशी झाली ते तपासलं आणि तुलनेसाठी त्याच घरांतल्या सुना घेतल्या. १९८६ मध्ये छापलेले त्यांचे आकडे असे: प्रीएक्लाम्प्सियाचं प्रमाण बहिणींत ३७ टक्के, लेकींत २६, नातींत १६ आणि सुनांमध्ये अवघे ६ टक्के. लेक आणि सून यांची अशी तुलना मांडणारा संशोधक आपल्या घरात जन्मला असता तर आश्चर्य वाटलं नसतं!

चेस्ली यांना वाटलं, हे एकाच जनुकाचं काम असावं. तो अंदाज पुढं टिकला नाही. सुनांची बाजूही त्यांच्या आकड्यांवरून वाटते तितकी कोरी नाही. नॉर्वेच्या जन्मनोंदींतून दिसलं की ज्या पुरुषाच्या एका जोडीदाराला प्रीएक्लाम्प्सिया झाला, त्याच्या दुसऱ्या जोडीदारालाही तो होण्याचा धोका जवळपास दुप्पट असतो. २००५ मध्ये तिथल्याच अभ्यासानं आणखी एक गोष्ट दाखवली. आईला प्रीएक्लाम्प्सिया असताना जन्मलेल्या मुलीला स्वतःच्या गरोदरपणात दुपटीहून अधिक धोका असतो, आणि तशाच गरोदरपणातून जन्मलेल्या मुलाच्या बायकोलाही सुमारे दीडपट. स्वीडनमधल्या २००४ च्या विश्लेषणानं धोक्यातल्या फरकाची वाटणीच मांडली: सुमारे ३५ टक्के आईच्या जनुकांकडे, २० टक्के गर्भाच्या, १३ टक्के त्या जोडप्याच्या एकत्र येण्याकडे, आणि बाकीचा बहुतेक भाग मोजता न आलेल्या कारणांकडे. ही वाटणी समूहाची आहे, समोर बसलेल्या एका बाईची नाही, हे विसरू नये. तरी तिचा अर्थ स्पष्ट आहे. आजार आईच्या अंगावर दिसतो, पण त्यामागं तिघांची जनुकं असतात.

याचा पुरावा वारेत सापडला. २००३ मध्ये बोस्टनमध्ये अनंत करुमांची आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आजारी वारेतून एसफ्लिट-१ हे प्रथिन जास्त प्रमाणात आईच्या रक्तात उतरतं, रक्तवाहिन्यांना निरोगी ठेवणारे वाढघटक अडवून धरतं, आणि त्यातून बीपी चढतं, लघवीत प्रथिनं जातात. या प्रथिनाचं जनुक, एफएलटी-१, तेराव्या गुणसूत्रावर आहे. गर्भाला तेरावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असेल तर प्रीएक्लाम्प्सिया अधिक दिसतो, हे आधीपासून माहीत होतं. २०१७ मध्ये युरोपीय नमुन्यांच्या मोठ्या अभ्यासात याच जनुकाजवळचा बदल धोक्याशी जोडला गेला, आणि तो सापडला बाळाच्या जनुकसंचात. वार बाळाची असते, बाळाची निम्मी जनुकं बापाची असतात. तेव्हा ‘आमच्या घरात कुणाला नव्हतं, सूनच अशी निघाली’ हे वाक्य ओपीडीत कानावर आलं, तर ते तिथल्या तिथं खोडून काढणं हे आपलं शास्त्रीय कर्तव्य आहे.

आईच्या बाजूचं चित्र वेगळं आहे. तिथं एखादं खलनायक जनुक सापडत नाही, छोटे छोटे अनेक बदल सापडतात. २०२३ मध्ये प्रीएक्लाम्प्सियाच्या वीस हजारांवर आणि गर्भकालीन उच्च रक्तदाबाच्या अकरा हजारांवर रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणातून जनुकसंचावरच्या १८ जागा पुढं आल्या, त्यांतल्या १२ नव्या. कितीतरी जागा एरवीच्या रक्तदाबाशी संबंधित निघाल्या. म्हणजे गरोदरपण हे बाईच्या पुढच्या आयुष्यातल्या रक्तदाबाची आगाऊ सूचनाही देतं. प्रीएक्लाम्प्सिया होऊन गेलेल्या बाईला पुढं हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट असतो, हे वेगळ्या अभ्यासांतून आपल्याला माहीत आहेच.

आता कुणी विचारेल, मग जनुकांची चाचणी करून धोक्याचे गुण द्यावेत का? आज माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. हे गुण प्रामुख्यानं युरोपीय वंशाच्या लोकांच्या नमुन्यांवर बेतलेले आहेत आणि दुसऱ्या लोकसमूहांत ते तितके चालत नाहीत. जीनोमइंडिया प्रकल्पानं सुमारे १०,००० भारतीयांचे जनुकसंच वाचले, ही मोठी पायरी आहे. पण नुसता जनुकसंच वाचून भागत नाही. कोणत्या बाईचं बीपी कितव्या आठवड्यात चढलं, बाळ किती वजनाचं झालं, तिच्या आईचं काय झालं होतं, ही नोंद शेजारी लागते. ती प्रयोगशाळेत तयार होत नाही, आपल्या ओपीडीत होते. तोवर चकचकीत पाकिटातली चाचणी कुणी विकायला आलं, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

चाचणी नसली तरी उपाय आहे. पहिलटकरीण असणं आणि आईला किंवा सख्ख्या बहिणीला प्रीएक्लाम्प्सिया झालेला असणं, हे प्रचलित मार्गदर्शक सूचनांनुसार मध्यम धोक्याचे दोन घटक. दोन्ही एकत्र आले की कमी मात्रेच्या अ‍ॅस्पिरिनचा विचार करायचा, आणि ते सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू व्हायला हवं. २०१७ च्या अ‍ॅस्प्रे चाचणीत जास्त धोक्याच्या बायकांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम दिल्यावर ३७ आठवड्यांआधीचा प्रीएक्लाम्प्सिया ६२ टक्क्यांनी घटला. म्हणजे दोन मिनिटांच्या चौकशीवर एक गोळी ठरते. चौकशी सातव्या महिन्यात केली तर वेळ निघून गेलेली असते.

इथं आपल्या रीतीची अडचण येते. पहिलं बाळंतपण माहेरी. सुरुवातीचे महिने सासरच्या गावी एका डॉक्टरकडे, डोहाळजेवण झालं की माहेरच्या गावी दुसऱ्याकडे. अ‍ॅस्पिरिन ठरवायच्या वेळी तिची आई शेजारी नसते, आणि बीपी चढायच्या दिवसांत सासू शेजारी नसते. दोन्ही घराण्यांची हकीकत एका कागदावर येतच नाही. पहिल्या भेटीतच तिच्या आईला फोन लावायला सांगा, आणि सोबत आलेल्या सासूबाईंनाही विचारा.

विचारायचं कसं, तेही महत्त्वाचं. ‘प्रीएक्लाम्प्सिया होता का?’ या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही. ‘बाळंतपणाच्या आधी तोंडा-हातावर सूज आली होती का? डोळ्यांपुढं अंधारी? झटके आले होते का? दिवस भरायच्या आत बाळंतपण करावं लागलं का? मूल फार लहान होतं का, पोटातच गेलं का?’ असं विचारा. कुणी सांगेल की तिला ‘बाहेरचं झालं होतं’. तेव्हा हसू नका, पुढचा प्रश्न विचारा. नुसत्या सुजेवरून निदान होत नाही, पण एक धागा सुटला की पुढची उत्तरं मिळत जातात.

या परिषदेकडून माझं मागणं मोठं नाही. केसपेपरवर ती एक ओळ काढून तिथं चार रकाने करूया: तिची आई, तिची बहीण, नवऱ्याची आई, आणि आधीचं गरोदरपण. अमुक नव्हतं, माहीत नाही आणि विचारलं नाही, या तीन गोष्टी वेगळ्या लिहूया. आणि बीपीची बाई घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर ठळक अक्षरांत लिहूया: निदान, कितवा आठवडा, दरवर्षी बीपी तपासा, आणि लेक गरोदर राहील तेव्हा तिच्या डॉक्टरांना हे कार्ड दाखवा. आज जन्मणारी मुलगी पहिलटकरीण होईल तेव्हा आपल्यातले बरेच जण निवृत्त झालेले असतील. जनुकशास्त्र तेव्हा पुष्कळ पुढं गेलेलं असेल, पण तिच्या आईला काय झालं होतं हे त्या शास्त्राला आपल्या हस्ताक्षरातूनच कळणार आहे. म्हणून ते अक्षर वाचता येईल असं काढूया, एवढी आपल्या व्यवसायाला विशेष लागू पडणारी विनंती करतो आणि थांबतो.