परदेशस्थ बांधवांनी दुकानाची पायरी चढावी
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



नांदेड व लातूर जिल्ह्यांतील आपल्या शिंपी समाजाची कितीतरी मुले आज परदेशी नोकरीस आहेत. रजेवर आली म्हणजे ती आपल्या कर्जनिधीस सढळ हाताने देणगी देतात. त्यांच्या औदार्याविषयी पूर्ण आदर बाळगूनही मला आज त्यांच्याकडे निराळेच मागणे मागावयाचे आहे. तो पैसा ज्याच्या हाती जातो, त्या खेड्यातील कारागिराच्या दुकानाची पायरी त्यांनी चढावी.

परक्या माणसांनी हे केलेले आहे. अमेरिकेत २००५ साली निघालेल्या 'किवा' या संस्थेने जगभरच्या लोकांकडून थोडी थोडी रक्कम गोळा करून लहान धंदेवाल्यांस कर्जाऊ मिळवून दिली. तिचे स्वयंसेवक परमुलखात काही महिने राहून कर्जदारांस त्यांच्या धंद्याच्या जागी भेटत असत.

आपल्या लातूरकडेही असाच अनुभव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर घरे पुन्हा उभारताना गावोगावच्या स्त्रिया 'संवाद सहायक' म्हणून पुढे आल्या. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साह्याने त्यांतून बचतगट व लहान धंदे उभे राहिले. पुढे बीपी या ब्रिटिश तेल कंपनीने अशा संस्थांना हाताशी धरले, खेड्यांतील स्वयंपाकघरे पाहिली आणि 'ऊर्जा' नावाची कमी धुराची चूल काढली. गावच्याच स्त्रिया ती विकीत. अशा सुमारे चार लाख चुली खपल्या. परंतु तिचे जळण म्हणजे उसाची चिपाडे व असाच शेतीतील टाकाऊ माल दाबून केलेल्या गोळ्या. चिपाडे महागली, गोळ्यांचा भाव चढला, आणि पुष्कळ घरांतील चूल कोपऱ्यात जाऊन बसली. कंपनीने तर २००९ सालीच हा धंदा सोडला होता. आरंभी कितीही बारकाईने पाहिले, तरी धंद्याची पुढची वर्षे पाहावीच लागतात, हा यातील धडा आहे.

आता आपल्या निधीकडे वळू. आपण दरमहा सारखा हप्ता ठरवितो. शिंप्याच्या घरी मात्र पैसा दरमहा सारखा येत नाही. जूनमध्ये शाळेचे गणवेश, मग दिवाळी, आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई, हे त्याचे हंगाम. आषाढात व पितृपक्षात यंत्र बहुधा थंड असते. गणवेशाचे कापड त्याला मे महिन्यातच रोखीने उचलावे लागते, आणि शेतकरी गिऱ्हाईक शिलाई चुकती करते ते सोयाबीन विकल्यावर. भाद्रपदात ज्याचा हप्ता चुकला, त्याच्या नावापुढे आपण 'थकबाकीदार' असा शेरा मारतो. असा शेरा बसलेला स्वाभिमानी मनुष्य पुन्हा आपल्याकडे अर्ज करीत नाही. तो सावकाराचे दार गाठतो, अथवा यंत्र विकून शहरातील तयार कपड्यांच्या कारखान्यात रोजंदारीस जातो. आपल्या निधीने हात दिलेला कारागीर अशा रीतीने आपल्याच शेऱ्याने गाव सोडतो. अर्जाच्या कागदावर यातले काहीही दिसत नाही. दुकानात तासभर बसल्यास सारे दिसते.

म्हणून परदेशस्थ तरुणांस माझे सांगणे असे. लोहा, कंधार, अहमदपूर, निलंगा, जेथे आपला कर्जदार असेल तेथे जा. बाजाराच्या दिवशी गेलात तर नुसते पाहा. बोलावयास दुसऱ्या दिवशी या. दिलेला चहा नाकारू नका. पैशांचे आश्वासन देऊ नका आणि न विचारता सल्लाही देऊ नका. कापड कोठून आणता, उधारी किती, ती केव्हा वसूल होते, काजे-बटणाचे काम घरातले कोण करते, त्याचा मोबदला कोण धरते, एवढे विचारा. एक सदरा शिवून घ्या आणि त्याची पुरी शिलाई द्या. आपण बहुधा डिसेंबरात येता. तेव्हाच्या वर्दळीवरून साऱ्या वर्षाचा अंदाज बांधू नका. पाहिलेले लिहून समितीकडे द्या. पुढील भेट आषाढात आम्ही निवृत्त मंडळी घेऊ. आम्हांस सवड आहे, आणि एस.टी.च्या प्रवासाची सवयही आहे.

विश्वस्त मंडळींस विनंती एवढीच की, या दोन भेटींचे टिपण हाती आल्यावाचून कोणाच्या नावापुढे शेरा मारू नये, आणि हप्ते कारागिराच्या हंगामाप्रमाणे बांधून द्यावेत. निधी बुडू नये ही आपली काळजी रास्तच आहे. पण ज्या काळी पैसा हाती असतो त्या काळी मागितलेला हप्ता वसूल होण्याचा संभव अधिक, हे व्यवहारी माणसास मी काय सांगावे?